दात पाहून जू, वय पाहून चाक

मालट्रक चालविणाराचे वय २० वर्षे पुरे असावे व हलक्या गाडीचा परवाना त्याजवळ आधी वर्षभर असावा, असा १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. पण आमची पोरे क्लीनर म्हणून गाडीवर चढतात, आणि रात्री ड्रायव्हरला डुलकी आली की चाक त्यांच्या हाती येते. दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार वाचतो मालकाचा, जीव जातो पोराचा! पोर १८ च्या आतले असेल तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालक किंवा गाडीमालक यांस ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे. शेतकरी बंधूंनो, पोराचे वय वाढवून सांगू नका. गोऱ्ह्याचेही दात पाहून तुम्ही जू ठेवता. मग पोटच्या पोराचीच घाई का?