'एलवाय लावा' हे आता बंद करा

आपल्या राज्यात २००० साली इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं आता तिशीत आली. तरी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या तोंडी अजून तोच मंत्र ऐकू येतो: विशेषणाला 'एलवाय' लावा, क्रियाविशेषण तयार! क्विकचं क्विकली, स्लोचं स्लोली. इथवर ठीक. पण मग पोरगं त्याच हिशेबानं हार्डचं हार्डली करतं आणि मुलाखतीत छाती पुढे काढून सांगतं, "आय वर्क हार्डली." समोरच्या साहेबांना ऐकू येतं, 'मी काम जवळपास करतच नाही.' साहेब हसतात, नोकरी दुसऱ्याला जाते.

अहो, त्यानं तर शिकवलेला नियम इमानदारीनं पाळला! हसायचंच तर नियमाला हसा.

जुन्या इंग्रजीत या क्रियाविशेषणाच्या शेवटी एक स्वर होता. तो पुढे गळून पडला आणि विशेषण नि क्रियाविशेषण दिसायला सारखे झाले. फास्टचंही तसंच. हार्डली आधी 'कष्टानं' या अर्थी होतं, घसरत घसरत 'जेमतेम' झालं. यात नवल काय? "औंदा मुश्किलीनं चार क्विंटल सोयाबीन झालं" असं आपल्याकडे कुणी म्हणतं, तेव्हा त्या मुश्किलीनंचा अर्थ जेमतेमच असतो ना?

खरा राग याचा आहे, की वर्गात मराठीला दाराबाहेर उभं करतात. नियर म्हणजे जवळ, नियरली म्हणजे जवळजवळ. संपलं! 'घर जवळ आलं' आणि 'घर जवळजवळ बांधून झालं' यात आमच्या मेहकरचं चौथीतलं पोरगंही गोंधळत नाही. 'हळू चाल' आणि 'हळूहळू जमेल' यातही नाही. एकाच शब्दाची दोन रूपं, दोन अर्थ, हे त्याला घरूनच येतं. मग लेट म्हणजे उशिरा आणि लेटली म्हणजे अलीकडे, हे त्याला का जड जावं?

दुसरी जमात त्याहून वाईट. घाटातली 'ड्राइव्ह स्लो' पाटी दिसली की यांना चूक सापडते, म्हणे स्लोली हवं. (आमच्या घरातही एक आहेत, वाचत असतीलच.) बिशप रॉबर्ट लोथ यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात विशेषणं अशी वापरण्यावर नापसंती दाखवली, आणि ती पुढे शाळांतून मुरली. इंग्रज मात्र त्याआधीही स्लो म्हणत होते नि आजही म्हणतात.

गाईडवाले म्हणतील, शेवटच्या पानावर अपवादांची यादी दिलीय की! ती पेपर संपेपर्यंत टिकते. यादीऐवजी जोड्या द्या, मराठी शेजारी ठेवून.

तुम्हाला सुचल्या तर कळवा, मंडळी. मला 'मध्ये' आणि 'मधेमधे' सुचली, पण तिला इंग्रजीत जोडीदार काही सापडेना.