ब्रेकला हात लावायचाच!

"ऑइल बदल हवं तर, पण ब्रेकला हात लावू नकोस!" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ज्यावर जीव अवलंबून, तेच न बघता दुसऱ्याच्या हवाली करायचं?

त्यातून गाडी थळसारख्या किनाऱ्यावरची असेल तर मुळीच नाही. खाऱ्या वाऱ्यात पंधरा दिवस उभी राहिलेली एखादी जुनी झेन बघा. डिस्कवर तांबूस गंज चढलेला असतो. वरवरचा असेल तर चार ब्रेक मारले की जातो, पण खड्डे पडले असतील तर नुसते पॅड बदलून भागत नाही. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियरने मोजा. कमी भरली तर दोन्ही बाजूंच्या डिस्क नव्या, पॅडही नवे.

कामात अवघड फार काही नाही, शिस्त मात्र हवी. गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर हवी. कॅलिपर होजवर लोंबकळू द्यायचा नाही. आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबायचं, नाहीतर पहिला ब्रेक लागणारच नाही!

हे जमणार नसेल तर खुशाल गॅरेजला जा. पण "डिस्क किती मिलिमीटर उरलीय?" एवढं विचाराच. आकडा मिळाला नाही, तर मोजलेलंच नाही असं समजा.