हौसेला मोल किती?

‘हौसेला मोल नाही’ ही आपली म्हण मोठी दिलदार आहे. लेकीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च करणारा बाप तिचाच आधार घेतो आणि पदरमोड करून नाटक बसवणारी मंडळीही तिचाच. पण हीच म्हण दुसऱ्याने आपल्याला ऐकवली की तिचा अर्थ पालटतो. “तुम्ही हौसेने करता ना? मग मोल कसले मागता?” अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आपल्या खेळाडूंना हेच वर्षानुवर्षे ऐकवले.

आपल्याकडे कॉलेजचा कबड्डीचा सामना पाहायला कोण जमते? खेळाडूंचे चार मित्र आणि जिमखान्याचे सर! तिकडची गोष्ट निराळी. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. सामने टेलिव्हिजनवर दाखवण्याचे हक्क अब्जावधी डॉलरांना जातात. कित्येक राज्यांत सरकारी नोकरांपैकी सर्वांत जास्त पगार राज्यपालाला नव्हे, तर सरकारी विद्यापीठाच्या खेळाच्या प्रशिक्षकाला मिळतो. खेळाडूला मात्र फी, राहणे, जेवण एवढेच. जाहिरातीत स्वतःचा चेहरा दाखवून चार पैसे घेतले, तर त्याचा खेळ बंद. जेरेमी ब्लूम हा बर्फावरच्या स्कीइंगमधला ऑलिंपिक खेळाडू. त्या खेळासाठी त्याने पुरस्कर्त्यांचे पैसे घेतले, म्हणून 2004 साली त्याला कॉलेजच्या फुटबॉलमधून बाद केले गेले.

हा कारभार पाहणारी संस्था म्हणजे एन.सी.ए.ए. तिने 1950 च्या दशकात एक शब्द रूढ केला : ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’. मी मराठीची प्राध्यापिका, तेव्हा नजर प्रथम शब्दावर जाते. दिसायला किती सात्त्विक! पण वॉल्टर बायर्स या संस्थेच्या प्रमुखानेच पुढे 1995 सालच्या आपल्या पुस्तकात सांगून टाकले, की खेळाडूंना कोणी नोकर ठरवू नये म्हणून हा शब्द घडवला. 1955 साली कोलोरॅडोतला एक कॉलेज खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगाराला मिळते तशी नुकसानभरपाई मागितली. 1957 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. म्हणजे व्याकरणात या समासाचा विग्रह ‘विद्यार्थी असलेला खेळाडू’ असा होतो आणि कायद्याच्या पुस्तकात ‘नोकर नसलेला खेळाडू’ असा!

या गाठीला पहिली कात्री लावली ती कॅलिफोर्निया राज्याने. नॅन्सी स्किनर या बाईंनी आणलेल्या विधेयकावर 30 सप्टेंबर 2019 रोजी राज्यपालांची सही झाली. या कायद्याने विद्यापीठांना पगार द्यायला सांगितले नाही. एवढेच बजावले, की खेळाडूने आपले नाव आणि छबी वापरू देऊन बाहेरून पैसे मिळवले, तर त्याला अडवू नका. झाले! चांगले खेळाडू कॅलिफोर्नियात निघून जातील या धास्तीने इतर राज्येही कायदे करू लागली. फ्लॉरिडाने तर आपला कायदा 1 जुलै 2021 पासूनच लागू केला. त्याच्या दहा दिवस आधी दुसऱ्या एका दाव्यात एन.सी.ए.ए. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नऊ विरुद्ध शून्य मतांनी हरली होती. शेवटी तिनेही हात टेकले. मग गंमत अशी झाली, की अलाबामाला आपलाच कायदा संस्थेच्या नव्या नियमांहून कडक वाटू लागला आणि 2022 साली तो रद्द करावा लागला.

फायदा झाला तो केवळ धिप्पाड फुटबॉलवाल्यांचा नव्हे. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क ही बास्केटबॉलपटू शिकत असतानाच मोठमोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत झळकली. पण सारेच गोड झाले असेही नाही. धनिक माजी विद्यार्थ्यांनी वर्गण्या गोळा केल्या आणि जाहिरातीच्या नावाखाली खेळाडू ओढण्याची चढाओढ लागली. 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने एका तडजोडीला मान्यता दिली. तिच्यानुसार आता विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. आपल्याकडून तिकडे गेलेल्या खेळाडू मुलाने मात्र हुरळून जाऊ नये. विद्यार्थी-व्हिसावर कमाईची बंधने कडक आहेत.

“मग अभ्यासाचे काय?” असे कोणी विचारील. प्रश्न माझ्या धंद्याचाच आहे. पण पहाटेचा सराव आणि गावोगावचे दौरे पैसा मिळत नव्हता तेव्हाही होते. तेव्हा अभ्यासाची काळजी करणाऱ्यांनी सामने कमी केले नाहीत. शिवाय यांतले बहुतेक खेळाडू पुढे व्यावसायिक संघात पोचत नाहीत. कॉलेज सुटले की टाळ्या संपतात, दुखावलेला गुडघा तेवढा जन्मभर राहतो. त्यांच्या नावाला बाजारात किंमत असते ती फार तर चार-पाच वर्षे. नेमक्या त्याच वर्षांत ते नाव विकायला बंदी करणे, याला सचोटी म्हणायचे की सोय?

आणि हे सारे अमेरिकेतच घडते असेही नाही. स्नेहसंमेलनात फुकट गाणारी मुलगी, मंडळासाठी रात्रभर मखर रंगवणारा पोरगा, यांना आपणही तीच म्हण ऐकवतो. हौसेला मोल नाही, हे खरेच; पण ते ज्याची हौस त्याने म्हणावे, तिकीट विकणाऱ्याने नव्हे.