हिस्सा आणि त्याचे मोल



भावाभावांची पेढी प्रायव्हेट लिमिटेड होते. पुढच्या पिढीत एखाद्याचे मत इतरांशी जुळत नाही. मग त्याला सांगितले जाते, “शेअर दहाचा, दहा रुपये घे आणि मोकळा हो.” बँकेत ताळेबंद तपासताना अनेकदा दिसे, की गोदामाची जागा जुन्या खरेदीभावानेच मांडलेली आहे. दर्शनी किंमत म्हणजे मूल्य नव्हे.

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३६ नुसार वार्षिक सभेपूर्वी, सामान्यतः २१ दिवस आधी, हिशेबपत्रके भागधारकास मिळावयास हवीत. कलम ११९ नुसार सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त त्याला विनामूल्य पाहता येते. संचालक मंडळाचे मात्र नाही. एक दशांश भांडवल धारण करणारा सभासद अन्यायाविरुद्ध कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो. त्याचे शेअर इतरांनी विकत घ्यावेत, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकते.

म्हणून हस्तांतरणपत्रावर सही करण्यापूर्वी हिशेब पाहावा आणि नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा लेखी अहवाल मागावा. वडीलधाऱ्यांनी तो मागण्याआधीच द्यावा. जागेचा आजचा भाव लपवून घेतलेला भावाचा हिस्सा कागदोपत्री खरेदी ठरेल. आपल्या व्रताच्या कसोटीवर ते अदत्तादानच.