उजवीकडच्या खुर्चीचा आवाज

बेलोऱ्याच्या धावपट्टीवर 16 एप्रिल 2025 रोजी मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले आणि आमच्या कामरगावच्या चौकातही विमानाच्या गप्पा सुरू झाल्या. त्याच बेलोऱ्यात वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने 2024 साली केली आहे. उद्या आमच्या कारंजा तालुक्यातली एखादी पोरगी कॉकपिटमध्ये बसेल. बसलीच पाहिजे! परंतु सुरुवातीची कित्येक वर्षे ती उजवीकडच्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीवर असेल. त्या खुर्चीवरून तिला बोलता येईल काय, हा आमचा प्रश्न आहे.

7 ऑगस्ट 2020 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान कोझिकोडला भर पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. 190 पैकी 21 जण मृत्युमुखी पडले. दोन्ही वैमानिकही गेले. कॅप्टन दीपक साठे वायुदलातून आलेले, अनुभवी, नागपूरशी नाते असलेले. त्या आठवड्यात वृत्तपत्रांनी त्यांना देव केले. सप्टेंबर 2021 मध्ये तपास अहवाल आला आणि सारा दोष त्यांच्याच माथी मारून मंडळी मोकळी झाली. आम्हाला दोन्ही अमान्य. विभूतिपूजा आणि बळीचा बकरा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

अहवाल नीट वाचला पाहिजे. कॉकपिटमध्ये एक जण विमान चालवतो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो. नजर ठेवणे हे दुय्यम काम नव्हे. चूक दिसली तर सांगायचे, ऐकले नाही तर नियंत्रण हाती घ्यायचे, हे त्याचे कर्तव्यच आहे. कोझिकोडला कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, पाठीमागून वारा होता. 8,858 फुटांच्या धावपट्टीवर विमान 4,438 फुटांवर टेकले, म्हणजे निम्मी धावपट्टी वाया गेली. टेकण्याआधी सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. ते ऐकले गेले नाही आणि त्यानेही नियंत्रण घेतले नाही. अहवालाने दोघांमधल्या अधिकाराच्या तीव्र उतरंडीवर बोट ठेवले. 22 मे 2010 रोजी मंगळूरला 158 माणसे मेली, तेव्हाही सहवैमानिकाने हेच सांगितले होते.

उलट उदाहरणही आहे. 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्षी धडकून विमानाची दोन्ही इंजिने निकामी झाली. विमान सहवैमानिक स्काइल्स चालवत होते. कॅप्टन सलनबर्गर यांनी तोंडाने सांगून नियंत्रण घेतले, स्काइल्स लगेच इंजिन सुरू करण्याच्या तपासयादीला लागले. शेवटच्या क्षणांत कॅप्टनने सहवैमानिकाला विचारले, आणखी काही सुचते का? विमान हडसन नदीवर उतरले, 155 जण वाचले. कामाची वाटणी झाली आणि मोठ्याने धाकट्याला विचारले, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

वकील म्हणून आम्हाला अहवालातली आणखी एक नोंद महत्त्वाची वाटते. कोझिकोड तळावर 26 सहवैमानिकांमागे कॅप्टन फक्त एक होता. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण साठे यांनाच न्यायचे होते. विमान दुसरीकडे नेले असते तर ते उड्डाण कोण नेणार होते? हे वेळापत्रक कॉकपिटमध्ये आखले गेले नव्हते. ते आखणारे कार्यालयात सुरक्षित होते! अपघात तपासाच्या नियमांचा हेतू दोष वाटणे नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे. तो मानायचा तर तपास त्या कार्यालयापर्यंत गेलाच पाहिजे.

आणि बेलोऱ्याच्या पोरीचे काय? वैमानिक होण्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. घर गहाण ठेवून शिकलेली सहवैमानिक वरिष्ठाचा शेरा खराब होईल या भीतीने गप्प बसली, तर तिच्या गप्प बसण्याला आम्ही स्वभाव म्हणणार नाही. ‘वर चला’ म्हटल्याबद्दल कोणाच्याही बढतीला धक्का लागणार नाही, हे प्रत्येक विमान कंपनीने लेखी द्यावे आणि प्रशिक्षणासाठीच्या शिष्यवृत्तीची जबाबदारी शासनाने घ्यावी, ही आमची मागणी आहे.