खवय्या गेला, गिऱ्हाईक उरले

एके काळी मराठी घरात ‘खवय्या’ हे कौतुकाचे बिरुद होते. आमटीचा पहिला भुरका घेताच फोडणीत काय राहिले ते सांगणारा, पंगतीतल्या आग्रहाचा मान राखणारा आणि तरीही पान स्वच्छ करून उठणारा गृहस्थ म्हणजे खवय्या. त्याचा आदर्श भीमसेन. वृकोदर म्हणून ख्यात असलेला हा वीर विराटाच्या घरी बल्लव होऊन रांधतही होता. खाणाऱ्याला रांधणाऱ्याचे कष्ट ठाऊक होते.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अन्नभोगाचे सविस्तर विवेचन आहे. त्या ग्रंथाचा क्रम मात्र ध्यानात घ्यावा. आधी राज्यप्राप्ती, मग राज्याचे स्थैर्य आणि त्यानंतर उपभोग! आपली संस्कृती रसनेची वैरीण कधीच नव्हती. तिने भोगाला कर्तव्यामागे बसवले, इतकेच.

आजच्या खवय्याची मोजपट्टी कोणती? तारांकनाची! ज्या मिशेलिन मार्गदर्शिकेच्या ताऱ्यांपुढे आज जगभरची उपाहारगृहे लवतात, ती १९०० साली फ्रान्समध्ये एका टायर-कंपनीने काढली. लोकांनी मोटारी अधिक फिरवाव्यात, टायर अधिक झिजावेत, हा त्यामागचा हिशेब. व्यापाऱ्याने व्यापार केला, यात नवल नाही. आपण आपली जीभ त्याच्या हवाली केली, याचे नवल वाटते. आता पहिला घास घेण्याआधी नैवेद्य दाखवला जातो तो मोबाईलच्या कॅमेऱ्याला. चव मागाहून, आधी प्रदर्शन.

परंतु पश्चिमेला दोष देऊन आपली सुटका होणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले सुमारे ६० टक्के घराघरांतून! आपल्याकडच्या मंगल कार्यालयांत बुफेच्या टेबलामागचे पिंप ओसंडते, तेव्हा त्यात अर्धी खाल्लेली जिलबी टाकणारे हात कोणा परक्याचे नसतात. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारे, जेवणाआधी श्लोक म्हणणारे ते आपणच असतो.

म्हणून सुधारणेचा आरंभ आपल्याच ताटापासून व्हावा. हवे तेवढेच वाढून घ्यावे. मुलांना एकदा शेतावर न्यावे, एकदा चुलीपाशी बसवावे. कार्यात उरलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था निमंत्रणपत्रिका छापण्याआधी ठरवावी. ज्याच्या पानात काही उरत नाही आणि रांधणाऱ्याला दाद दिल्याशिवाय जो उठत नाही, तोच खरा खवय्या. बाकी सारी गिऱ्हाईके!