तीन दिवस, पाच ठाण



परवा नातीने मोबाईलवर एक चिनी नृत्यनाट्य दाखवलं. त्यात कुणी एक शब्दही बोलत नाही, तरी शेवटी माझे डोळे भरून आले. गोष्ट जुनी आहे, ‘मोर आग्नेयेकडे उडाला’ या दीर्घ काव्यातली. हान राजवट संपत आली होती तेव्हाची, म्हणजे सुमारे १८०० वर्षांपूर्वीची.

लिऊ लानझी सतराव्या वर्षी लग्न होऊन एका कारकुनाच्या घरी आली. विणकाम, शिवणकाम, वाद्य, वाचन सगळं शिकलेली. रात्रंदिवस मागावर बसून तीन दिवसांत पाच ठाण कापड विणायची. तरी सासूचं एकच, ही फार हळू काम करते! शेवटी सासूने मुलाला सांगितलं, हिला माहेरी पाठव, तुझ्यासाठी दुसरी मुलगी बघून ठेवलीय. मुलगा आधी आईच्या विनवण्या करतो, पण ती चिडल्यावर गप्प बसतो. बायकोला म्हणतो, सध्या जा, मी न्यायला येईन. माहेरी भाऊ तिच्यावर दुसऱ्या लग्नाची जबरदस्ती करतो. लग्नाच्या रात्री ती पाण्यात जीव देते आणि ते कळल्यावर तो अंगणातल्या झाडाला गळफास घेतो. मग दोन्ही घरं त्यांना एकत्र पुरतात.

सगळे म्हणतात, काय अमर प्रेम! मला तसं वाटत नाही. जीव देण्यात कसलं अमरपण? मी कॉमर्सची. मला यात चुकलेला हिशेब दिसतो. सासूने वेळ मोजला, ठाण मोजले नाहीत. जमेची बाजू कोरीच ठेवली. घर सोडताना हीच सून धाकट्या नणंदेला सांगून जाते की आईला नीट सांभाळ. तेही कुणी जमेला धरलं नाही. आणि जो बोलू शकत होता, तो मुलगा ऐन वेळी गप्प बसला.

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही. माझी सून ऑफिसमधून दमून येते आणि थेट स्वयंपाकघरात शिरते, कारण आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवं. मी मात्र खिडकीतून सूर्याकडे बघत विचारते, “अजून किती वेळ?” रोज. माझा मुलगाही तेव्हा पेपरात डोकं घालून बसतो.

आपण पाणी गाळून पितो, मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपतो. मग जिभेने घरच्याच माणसाला टोचलं तर ती हिंसा नाही का? भाषा समिती आपण पाठ केली, पण ती वापरायची जागा स्वयंपाकघर आहे.

त्या दोन घरांना शहाणपण कबरीपाशी सुचलं. आपल्याला वेळेत सुचायला काय हरकत आहे? काल मी चार वाजताच भाजी चिरून ठेवली आणि मुलाला पेपर बाजूला ठेवून ताटं घ्यायला सांगितलं. सून दारात आली, ओट्याकडे बघितलं आणि नुसती हसली. जमेच्या बाजूला ही माझी पहिली नोंद.